शिलेदाराचा करारनामा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘फ्रीलान्स’ हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी रुळला आहे. शेजारचा मुलगा सध्या काय करतो असं विचारलं, तर त्याची आई सहज सांगते, ‘फ्रीलान्स करतो, घरूनच.’ या शब्दातला ‘लान्स’ म्हणजे भाला. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीनं हा शब्द लोकप्रिय केला. जो कोणत्याही एका राजाला कायमचा बांधलेला नाही, ज्याचा भाला मोकळा आहे आणि जो मोल देईल त्याच्यासाठी लढतो, असा स्वार हा त्याचा मूळ अर्थ.

खरं म्हणजे मराठीला हा शब्द उसना घ्यायची गरज नव्हती. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. पगारी नोकर आणि फ्रीलान्सर यांच्यातला फरक याहून नेमका सांगता येणार नाही. कंपनीच्या खुर्चीत बसून कंपनीच्या संगणकावर काम करतो तो बारगीर. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं विजेचं बिल आणि स्वतःची जोखीम घेऊन काम करतो तो शिलेदार.

आज मला या नव्या शिलेदारांविषयी बोलायचं आहे. त्यातही वेबसाइटची रचना करून देणाऱ्या, म्हणजे वेब डिझायनर मुला-मुलींविषयी. मात्र विषय त्यांच्या कलेचा नाही. काम सुरू होण्याआधी जो कागद होतो, किंवा व्हायला हवा असतो, त्याचा आहे. मी वकील नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांना बरीच वर्षं व्यापारी कायदा शिकवला, एवढाच माझा अधिकार. त्यातलीच काही मुलं पुढे या व्यवसायात गेली आणि ‘सर, क्लायंट पैसे देत नाही’ म्हणून माझ्याकडे येऊ लागली. प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, ‘लेखी काय आहे?’ बहुतेकांचं उत्तर असतं, ‘व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं होतं.’

आता प्रस्ताव आणि करार तयार करून देणारी संगणकीय साधनं ढिगानं मिळतात. त्यांच्याकडे आपण नवी सोय म्हणून पाहतो. पण त्या साधनांच्या पोटात जो मजकूर असतो, त्याचा इतिहास पाच-सहाशे वर्षांचा आहे. तो माहीत असला तर त्या साच्यातल्या रिकाम्या जागा कशानं भरायच्या ते कळतं.

सुरुवात भालेवाल्यांपासूनच करू. चौदाव्या-पंधराव्या शतकात इटलीतली फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस ही राज्यं लढायांसाठी भाडोत्री सेना घेत असत. अशा सेनेच्या नायकाशी जो लेखी करार होई त्याला ‘कोन्दोत्ता’ म्हणत आणि त्यावरूनच त्या सेनानायकांना ‘कोन्दोत्तिएरे’ हे नाव पडलं. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या तलवारीवरून नव्हे, तर त्याच्या करारावरून होत होती. किती स्वार आणायचे, किती महिने चाकरी करायची, पगार किती, आगाऊ रक्कम किती, मुदत संपल्यावर ती वाढवायची झाली तर कशी, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. जॉन हॉकवूड नावाचा इंग्रज सेनानायक अशाच करारांवर इटलीत आयुष्यभर लढला. ज्या फ्लॉरेन्सनं त्याला भाड्यानं घेतलं, त्याच शहराच्या कॅथीड्रलमध्ये १४३६ साली त्याचं भव्य भित्तिचित्र रंगवलं गेलं. करारावर चालणाऱ्या माणसाला मान नसतो, असं मानणाऱ्यांनी हे चित्र आठवावं.

करार हा शेवटचा कागद. त्याआधी येतो तो प्रस्ताव. माझ्या मते इतिहासातला सर्वांत वाचनीय प्रस्ताव लिओनार्दो दा विंचीचा आहे. १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी त्यानं एका पत्राचा मसुदा तयार केला. आज आपण लिओनार्दोला चित्रकार म्हणून ओळखतो. पण त्या पत्रात तो चित्रकलेनं सुरुवात करत नाही. हलके आणि मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, झाकलेले रथ अशी कलमं एकामागून एक येतात. शांततेच्या काळात इमारती बांधीन हे नंतर येतं, आणि चित्रंही काढू शकतो हे अगदी शेवटी. त्याचं कारण उघड आहे. मिलानला त्या वेळी लढाईची चिंता होती, भिंतीवरच्या चित्रांची नव्हती. समोरच्याची अडचण ओळखून तीच आधी मांडायची, हे प्रस्तावाचं पहिलं सूत्र त्याला ठाऊक होतं. शेवटी तो असंही म्हणतो, की यातलं काही अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत प्रयोग करून दाखवायला मी तयार आहे. आजची मुलं यालाच ‘डेमो’ म्हणतात.

आता करार पाहू. फ्लॉरेन्समध्ये अनाथ मुलांसाठी ‘इनोसेंती’ नावाची एक संस्था होती. तिच्या प्रमुखानं २३ ऑक्टोबर १४८५ रोजी दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी एका वेदीचित्राचा करार केला. त्यातली कलमं ऐका. चित्र कागदावर दाखवलेल्या आराखड्याप्रमाणे व्हावं. ते चित्रकारानं स्वतःच्या हातानं रंगवावं. रंग चांगले वापरावेत आणि निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा असावा. मोबदला ११५ फ्लोरिन, तो महिन्याला तीन फ्लोरिन या हप्त्यानं. मुदत तीस महिने आणि मुदत चुकली तर १५ फ्लोरिन दंड. निळ्या रंगाची किंमत करारात का लिहायची? कारण तो रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या मौल्यवान दगडापासून होत असे, आणि स्वस्तातला निळा वापरला तर पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ‘चांगला निळा’ असं लिहून भागत नाही. चांगला म्हणजे कोणता, हे मोजता येईल अशा भाषेत लिहावं लागतं. त्या चित्रावर १४८८ हे साल आहे आणि ते आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे.

याच्या उलट उदाहरण लिओनार्दोचंच. २५ एप्रिल १४८३ रोजी मिलानमधल्या एका धार्मिक मंडळानं त्याच्याशी आणि दे प्रेदिस या दोन चित्रकार भावांशी एका वेदीच्या सजावटीचा करार केला. मोबदला ८०० लिरे. आधी शंभर लिरे, मग दरमहा चाळीस. मुदत त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरची. इथवर सगळं ठीक होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. काम संपल्यावर त्याचा दर्जा पाहून चित्रकारांना वर काही बक्षिसी द्यायची आणि तिचा आकडा नंतर ठरवायचा. नंतर चित्रकारांनी शंभर डुकाट मागितले आणि मंडळानं पंचवीस देऊ केले. वाद वाढत गेला. १५०६ साली निवाडा झाला तो असा, की चित्र अजून पुरं झालेलं नाही, ते दोन वर्षांत पुरं करावं. अखेरचे पैसे मिळाले १५०८ साली. आठ महिन्यांच्या कामाला पंचवीस वर्षं लागली. या चित्राच्या दोन आवृत्त्या आज आहेत, एक पॅरिसच्या लूव्हरमध्ये आणि दुसरी लंडनच्या नॅशनल गॅलरीत. आपल्याला दोन उत्कृष्ट कलाकृती मिळाल्या हे खरं. पण चित्रकाराच्या बाजूनं पाहिलं, तर ‘नंतर बघू’ या दोन शब्दांची ती किंमत होती.

आपल्याकडे काय होतं? गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांना दर कामाचा वेगळा करार करावा लागत नसे. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्याच्या रूपानं बलुतं घ्यायचं. काम ठरलेलं, घर ठरलेलं आणि बहुधा जातही ठरलेली. तिथे मोलभाव करण्याची मोकळीक नव्हती. बाहेरच्या व्यवहारासाठी मात्र आपले शब्द होते. विसार म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली रक्कम. सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरल्याची खूण. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथे येतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. तारीख, गाव आणि रक्कम ठरते, आगाऊ पैसे हातात पडतात, मगच ती तारीख फडाच्या नावावर चढते. ज्या कलावंतांना शाळेचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं, त्यांनीसुद्धा सुपारीशिवाय ढोलकी बाहेर काढली नाही. पुढे या शब्दाला मुंबईच्या गुन्हेगारी जगानं जो अर्थ चिकटवला तो वेगळाच.

ब्रिटिश अमदानीत १८७२ साली भारतीय करार कायदा आला आणि तो त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला. दीडशे वर्षांनंतरही आपले सगळे करार त्याच कायद्यावर उभे आहेत. वर्गात मुलांना आश्चर्य वाटे ती गोष्ट अशी, की या कायद्यानुसार सर्वसाधारण करार लेखीच असला पाहिजे असं नाही. दोघांची मोकळी संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू असला, की तोंडी करारही करारच असतो. मग कागद कशाला? कागद करार करण्यासाठी नसतो, तो आठवणीसाठी असतो. सहा महिन्यांनंतर दोन प्रामाणिक माणसांनाही एकच बोलणं वेगवेगळं आठवतं. निम्मी भांडणं लबाडीतून नव्हे, तर अशा आठवणीतून होतात.

आता एकदम आपल्या काळाकडे येऊ. १९८९ हे या गोष्टीतलं महत्त्वाचं साल. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जिनेव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या तरुण संगणकतज्ज्ञानं आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिलं. त्याच्या शीर्षकातच ‘प्रस्ताव’ हा शब्द होता. संस्थेतली विखुरलेली माहिती एकमेकींना जोडायची एक कल्पना त्यात होती. त्याचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी वर शेरा मारला, त्याचा अर्थ असा, की ‘धूसर आहे, पण रोमांचक आहे.’ त्यावर लगेच काही हाललं नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो यांनी दुसरा प्रस्ताव दिला. त्यात माणसं किती लागतील, महिने किती लागतील आणि पहिल्या टप्प्यात काय, दुसऱ्यात काय, हे लिहिलेलं होतं. वेब म्हणून आज आपण जे वापरतो ते यातून उभं राहिलं. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नच्या दोन संचालकांच्या सह्यांचा एक कागद निघाला आणि वेबचं मूळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. म्हणजे ज्या माध्यमात आपले वेब डिझायनर काम करतात, ते माध्यमच एका प्रस्तावातून जन्मलं आणि एका सहीच्या कागदानं जगाचं झालं.

त्याच १९८९ सालच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. वॉशिंग्टनमधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून एका बेघर कुटुंबाचं शिल्प करवून घेतलं होतं. रीड यांनी मेहनतीचे पैसे घेतले नाहीत, फक्त साहित्याचा खर्च घेतला. शिल्पाचा कॉपीराइट कोणाचा, याबद्दल दोघांमध्ये शब्दही झाला नव्हता. पुढे ते शिल्प गावोगाव न्यायचं का, यावरून बिनसलं आणि दोघांनीही कॉपीराइटवर हक्क सांगितला. न्यायालयानं पाहिलं, की हा माणूस संस्थेचा नोकर होता का? तो स्वतःच्या कार्यशाळेत, स्वतःच्या हत्यारांनी, थोड्या काळासाठी एक काम करत होता. म्हणून तो नोकर नाही, स्वतंत्र कारागीर आहे, असं न्यायालयानं ठरवलं. ‘स्वतःची हत्यारं’ ही कसोटी वाचली तेव्हा मला आपला शिलेदारच आठवला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर इथेही हा व्यवसाय वाढत गेला. पण गवंड्याच्या भिंतीत आणि वेबसाइटमध्ये एक फरक आहे. भिंत पुरी झाली की डोळ्यांना दिसते. वेबसाइट कधी पुरी होते? रंग बदलता येतो, चित्र हलवता येतं, आणखी एक पान जोडता येतं. विटेला पैसे पडतात हे मालकाला दिसतं. डिझायनरच्या वेळेला पैसे पडतात हे दिसत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. एका व्यापाऱ्यानं तिला दुकानाची वेबसाइट करायला सांगितली. रक्कम ठरली, तारीख ठरली, पण सगळं तोंडी. काम झालं. मग ‘एवढा एक छोटासा बदल’ असं करत चार महिने गेले. मजकूर त्यांनीच द्यायचा होता, तो दर पंधरा दिवसांनी बदलत राहिला. शेवटी तिनं बिल पाठवलं तेव्हा उत्तर आलं, ‘काम संपलंय कुठे?’ ती माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘सर, ते वाईट नाहीत हो. पण पैसे मागताना मलाच अपराधी वाटतं.’ त्या महिन्यात तिच्या घरभाड्याची रक्कम वडिलांनी भरली. पाच शतकांपूर्वीच्या मिलानमधला आणि या मुलीचा प्रश्न एकच होता. पुरं झालं म्हणजे काय, हे आधी लिहिलेलं नव्हतं.

हीच दुखणी जगभरच्या डिझायनरांना होती आणि त्यातूनच ही साधनं आली. वेबच्या आधीपासून अमेरिकेतल्या ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड या संघटनेनं दर आणि कराराचे नमुने देणारं पुस्तक चालवलं होतं. त्याची पहिली आवृत्ती १९७३ ची. वेब आल्यावर लोक जुन्या कराराची वर्डमधली फाइल उघडून नाव-गाव बदलत आणि पाठवून देत. त्यात गोंधळ ठरलेला. टोरांटोत छोटी डिझाइन संस्था चालवणारे माइक मॅकडरमेंट यांच्याकडून असंच एक नवं बिल जुन्या बिलावर सेव्ह झालं. त्या वैतागातून २००३ साली जे बिलं करायचं साधन उभं राहिलं, तेच पुढे ‘फ्रेशबुक्स’ म्हणून प्रसिद्ध झालं. २००९ साली रुबेन गामेझ यांनी खास डिझायनरांच्या प्रस्तावांसाठी ‘बिडस्केच’ काढलं. एकदा लिहिलेले परिच्छेद साठवायचे, नव्या ग्राहकासाठी जुळवायचे, दर भरायचे आणि ग्राहकानं पडद्यावरच मान्यता द्यायची.

पण या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक साधा मजकूर. डिसेंबर २००८ मध्ये अँडी क्लार्क या ब्रिटिश वेब डिझायनरनं आपल्या कराराचा नमुना सर्वांसाठी प्रसिद्ध केला. त्याला नाव दिलं ‘कॉन्ट्रॅक्ट किलर’. मराठीत याचं भाषांतर करायला ‘सुपारी’ हा एकच शब्द पुरेसा आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. त्या मजकुराचं वैशिष्ट्य असं, की त्यात वकिली भाषा जवळजवळ नाही. तुम्ही काय द्याल, आम्ही काय करू, मजकूर कोणी पुरवायचा, मन बदललं तर काय, पैसे कधी आणि हक्क कोणाचे, हे समोर बसून बोलल्यासारखं लिहिलं आहे. अखेरचे पैसे मिळाले की हक्क ग्राहकाकडे जातात, हे त्यातलं कळीचं वाक्य. जगभरच्या हजारो मुलांनी तो आपल्या गरजेप्रमाणे बदलून वापरला. पुढे २०११ साली माइक मॉंटेरो या डिझायनरनं सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या वकिलाला शेजारी बसवून एक भाषण दिलं. त्याच्या शीर्षकात एक सणसणीत शिवी आहे, म्हणून ते इथे सांगत नाही. सांगणं एवढंच होतं, की करार झाल्याशिवाय कामाला हात लावू नका आणि पैसे मागताना लाजू नका.

कागद पडद्यावर गेला, पण सहीचं काय? ३० जून २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी फिलाडेल्फियात इलेक्ट्रॉनिक सहीच्या कायद्यावर आधी पेनानं आणि मग संगणकावर सही केली. त्यासाठीचा पासवर्ड म्हणे त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं! आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन, २००९ पासून कलम १०-अ नं स्पष्टच सांगितलं, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून एखादा करार निरर्थक ठरत नाही. २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ई-मेलवरच्या देवाणघेवाणीतून झालेला बॉक्साइटचा सौदा पक्का करार मानला, औपचारिक दस्तावर सह्या झालेल्या नसतानाही. म्हणून मी मुलांना सांगतो, मोठा दस्त जमत नसेल तर निदान एक स्वच्छ ई-मेल लिहा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर मागून घ्या.

हक्कांबाबतही आपला कायदा शिलेदाराच्या बाजूनं बराच उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालकच असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क आधी त्याचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्रांसारख्या काही गोष्टींना मात्र याला अपवाद आहे, तेव्हा सरसकट गृहीत धरू नये. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इथे लेखी कागद ग्राहकाच्याही फायद्याचा असतो, हे त्याला समजावून सांगितलं तर सहीला वेळ लागत नाही.

पैसे थकवणाऱ्यांचा विचारही आता कायदे करू लागले आहेत. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून एक कायदा लागू आहे. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठं काम फ्रीलान्सरकडून करून घ्यायचं तर लेखी करार हवा, आणि कराराप्रमाणे, तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत, पैसे द्यायला हवेत. २०२४ पासून संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात तसाच कायदा आला. आपल्याकडे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेतली, तर ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे चुकते करावे लागतात. लेखी तारीख नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. घरातल्या एका टेबलावर काम करणारी मुलगीही ‘उद्यम’ची नोंदणी करू शकते. ती मोफत आहे, पण ती काम घेण्याआधी करावी, भांडण झाल्यावर नव्हे.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी सांगितल्या की अर्ध्या मिनिटात दहा पानी करार हातात पडतो. काही मुलं तो न वाचताच पाठवतात आणि ग्राहक न वाचताच सही करतो. मला काळजी वाटते ती याची. गिर्लांदायोच्या करारातला औंसाला चार फ्लोरिनांचा निळा रंग कोणत्याही यंत्रानं सुचवला नव्हता. दोन माणसं समोरासमोर बसली, एकानं विचारलं ‘चांगला म्हणजे किती चांगला?’ आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं. साधन ते उत्तर टंकून देईल, जपून ठेवील, सही घेईल, तारीख टाकील. प्रश्न मात्र माणसालाच विचारावा लागतो.

म्हणून या शिलेदारांना मी पाच प्रश्नांची एक छोटी यादी देतो. नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही? कधीपर्यंत, आणि समोरच्यानं मजकूर केव्हा द्यायचा? पैसे किती आणि किती टप्प्यांत, पहिला टप्पा काम सुरू होण्याआधी? बदल किती वेळा, त्यापुढच्या बदलाचा दर काय? आणि मध्येच थांबावं लागलं तर कोणाचं काय? या पाचांची उत्तरं एका पानावर मावतात. ती विचारताना ग्राहक नाराज होईल अशी भीती वाटते. माझा अनुभव असा, की ज्याला काम खरंच हवं असतं तो नाराज होत नाही, आणि जो नाराज होतो त्याचं काम न घेतलेलं बरं.

त्या मुलीला पुढे निम्मे पैसे मिळाले. त्यानंतर तिनं एक पानी करार स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहिला. तो पाहून एक जुने कारखानदार तिला म्हणाले, ‘बाई, आमच्याकडे माल आला की पहिली पावती होते. तुमच्याकडे का नसावी?’ त्यांनी सही केली आणि विसार म्हणून चेकही दिला.